रात्रीचं पाणी भरणं सुटलं, झोप मात्र परत आली नाही

केळीवाला_यावल | १४ एप्रिल, रात्री २:५२

राम राम मंडळी. वर वेळ दिसतेच आहे, म्हणजे दुखणं काय ते वेगळं सांगायला नको.

वय ५१. यावल तालुक्यात केळी, थोडा कापूस. बारा-तेरा वर्षं एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्री साडेअकरा-बाराला मोटर चालू करायला जायचं, फ्यूज उडाला की परत जायचं. सातपुडा जवळ, बिबट्याची धास्ती, म्हणून एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. घरी येऊन पडलो तरी कान मोटरीकडे. पण तेव्हा कधी कुरकुर केली नाही, कारण पाठ टेकली की झोप.

गेल्या दिवाळीत सोलर पंप बसला. आता सगळं पाणी दिवसा. घरच्यांना वाटलं सुटलो, मलाही वाटलं. झालं उलटंच. जेवून साडेआठलाच अंथरुणावर जातो, साडेनऊपर्यंत डोळा लागतो आणि दीड-दोनला टक्क जाग. मग चारपर्यंत ह्या कुशीवरून त्या कुशीवर. पहाटे थोडी डुलकी, सहाला उठतो. दिवसभर डोकं जड, मजुरांवर चिडचिड. परवा ठिबकमधून युरिया दोनदा सोडला, पहिल्यांदा सोडलेला आठवलाच नाही.

बीपीची गोळी सकाळी असते. शुगर नाही, दारू नाही, तंबाखू सोडून सहा वर्षं झाली. गावातल्या एकाने त्याच्या झोपेच्या गोळ्यांची अर्धी पट्टी दिली आहे. ती कपाटात आहे, हात लावला नाही. खाण्यापिण्यात आणि रोजच्या वागण्यात काय बदलावं ते सांगा.

मेहरूणची_बोरं | १५ एप्रिल, सकाळी ६:४०

झोपताना गरम दूध, त्यात चिमूटभर जायफळ उगाळून. आणि पायाच्या तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं. माझी आजी वाटी काळी होईपर्यंत घासायची आणि म्हणायची, बघ किती उष्णता निघाली. (काळं पडतं ते काशामुळे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पण झोप मस्त लागायची.)

रावेरी_गडी | १५ एप्रिल, सकाळी ७:१५

झोपताना केळं खा, असे व्हिडिओ मला रोज दोन तरी येतात. दादा, तुम्ही-आम्ही केळीत लोळतो. केळ्याने झोप येत असती तर रावेर-यावलचा आख्खा पट्टा संध्याकाळी सातलाच घोरायला लागला असता.

धुळ्याची_काकू | १५ एप्रिल, दुपारी १२:०५

भाऊ, खसखशीची खीर करून बघा. पण आधी हे सांगा की रात्री जेवता काय, किती वाजता, आणि दिवसभरात चहा किती?

केळीवाला_यावल | १५ एप्रिल, रात्री ८:१०

काकू, आठला जेवतो. कळण्याची भाकरी, वांग्याचं नाहीतर मिरचीचं काहीतरी, कधी फुनके-कढी, कधी खिचडी. आठवड्यातून दोनदा मित्रांबरोबर ढाब्यावर शेवभाजी, ती मात्र दहा-साडेदहाला आणि वर तर्री मागून घेतो. चहा मोजलेला नाही. कोणी आलं की होतो.

अमळनेरी_मास्तर | १५ एप्रिल, रात्री ८:३४

"कोणी आलं की होतो" हे खान्देशातलं सगळ्यात घातक वाक्य आहे. मोजा. गोठ्याच्या भिंतीवर खडूने रेघा मारा.

दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि डोळे जड होतात. चहातलं कॅफिन त्या अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. म्हणजे थकवा जात नाही, नुसता झाकला जातो. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, कोणाला जास्तही. २०१३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं तरी लोकांची झोप तासाभराहून जास्त घटली होती. एका कप चहात ३० ते ५० मिलिग्रॅम धरा. आपला उकळउकळ उकळलेला चहा वरच्याच आकड्याकडे जाणार. आता तुमचा हिशोब तुम्ही करा.

केळीवाला_यावल | १६ एप्रिल, रात्री ९:०२

मास्तर, नऊ रेघा. अर्धे-अर्धे कप होते, पण नऊ. शेवटची रेघ संध्याकाळी सातची. भिंत बघून बायको म्हणाली, हे मी गेली वीस वर्षं सांगते आहे, पण मला खडू सुचला नाही.

आयुर्वेदप्रेमी_पारोळा | १६ एप्रिल, रात्री ९:४०

दूध घ्यायचंच तर म्हशीचं घ्या. झोप आणणाऱ्या पदार्थांत चरकाने म्हशीचं दूध सर्वश्रेष्ठ म्हटलं आहे. शिवाय अंगाला तेल, स्नान, मनाला रुचणाऱ्या गोष्टी. हल्ली सगळ्यांना परदेशी अभ्यास लागतात, आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.

अमळनेरी_मास्तर | १६ एप्रिल, रात्री ९:५५

त्याच चरकाने उन्हाळा सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपू नका असंही सांगितलं आहे. ते कोणी पुढे पाठवत नाही. दुधाला माझा विरोध नाही, पण दुधात ट्रिप्टोफॅन नावाचं द्रव्य असतं म्हणून झोप येते असं जे सांगतात, ते कपभर दुधातून फारसं काही घडवण्याइतकं नसतं. दूध पिऊन बरं वाटतं, रोजची खूण होते, पोट रिकामं राहत नाही. तेवढ्यासाठी घ्या.

फार्मसीवाली_शहादा | १६ एप्रिल, रात्री १०:२०

जायफळावर एक सूचना. चिमूट म्हणजे चिमूटच. "एका चिमटीने झोप आली नाही म्हणून चमचा टाकला" असे महाभाग पाहिले आहेत. चमचा-दोन चमचे पूड पोटात गेली तर छातीत धडधड, मळमळ, चक्कर आणि भास होतात. गमतीची गोष्ट नाही. गरोदर बायकांनी तर नकोच.

आणि दादा, कपाटातली ती पट्टी परत करून टाका. बहुतेक झोपेच्या गोळ्या सरकारी औषध-नियमांतल्या शेड्यूल एच-१ या यादीत येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या देता येत नाहीत आणि दुकानाला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. हे उगाच नाही. सवय लागते, डोस वाढत जातो, वयस्कर माणूस रात्री लघवीला उठताना पडतो. ज्यांच्या आधीपासून चालू आहेत त्यांनी मात्र हे वाचून उद्याच बंद करू नका! एकदम सोडल्या तर फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या.

सर्दीच्या गोळीने गुंगी येते म्हणून रोज ती घेणारेही येतात. साठीच्या पुढे त्याने लघवी अडकणं, बरळणं असले प्रकार होतात.

संपादक | १६ एप्रिल, रात्री १०:४५

औषधांची नावं आणि डोस इथे लिहू नयेत. दोन प्रतिसाद काढले आहेत. बाकी चालू द्या.

पांझराकाठ | १७ एप्रिल, सकाळी ५:५०

भाऊ, माले बी तसंच व्हये. रातले दोनले डोया उघडी गयात का मंग सकायलोंग टकटक. दुपारले झोपनं बंद करं, तैं रातले झोप लागाले लागनी. तू दुपारले किती झोपस ते खरं सांग.

केळीवाला_यावल | १७ एप्रिल, दुपारी ३:४५

आत्ताच उठलो भो.

दीडला जेवून पडतो ते साडेतीन. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी दुसरं करणार काय? ४३-४४ अंशात रस्त्यावर कुत्रं दिसत नाही.

समुपदेशक_जळगाव | १७ एप्रिल, रात्री ९:१५

दोन दिवस धागा वाचते आहे. निद्रानाशाच्या लोकांबरोबर काम करते म्हणून लिहिते. दादा, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये सगळं आलेलं आहे, फक्त सगळे दुधाकडे वळले.

तुमची झोप मोडली रात्रीच्या पाण्याने. ते कारण दिवाळीत संपलं. पण मोडलेली झोप भरून काढायला तुम्ही जे सुरू केलंत, म्हणजे साडेआठला अंथरुणावर जाणं, दुपारी दोन तास आडवं होणं, डोकं चालावं म्हणून नऊ चहा, त्यानेच ती मोडलेली राहिली आहे. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशाची अशीच फोड केली होती. मुळात कोणाचा पिंड हलक्या झोपेचा असतो, मग एखादी घटना झोप उडवते, आणि ती घटना सरली तरी तिच्यावर उपाय म्हणून लागलेल्या सवयी झोप परत येऊ देत नाहीत.

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त, असं चाललं तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. तुमचे पाच महिने झाले. त्यावर पहिला उपाय गोळी नसून वागणुकीची आणि विचारांची उपचारपद्धती असावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ च्या मार्गदर्शिकेतही सांगितलं आहे.

आज काहीच बदलू नका. सात दिवस फक्त सकाळी उठल्यावर वहीत लिहा. अंथरुणावर किती वाजता, झोप अंदाजे केव्हा, जाग किती वेळ, उठलात केव्हा, दुपारची झोप, चहा. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही. उलट ते भिंतीवरचं घड्याळ आज काढा. आणि डॉक्टरांकडे एकदा जाऊन या: बीपी, थायरॉइड, हिमोग्लोबिन. घोरता का ते वहिनींना विचारा.

चाळीसगावकर | १७ एप्रिल, रात्री ९:५०

घोरण्यावर जोर द्या. माझा भाऊ वर्षभर "झोप होत नाही" म्हणून दूध-जायफळ पीत होता. वहिनीने एका रात्री नीट लक्ष दिलं, तर घोरता घोरता श्वासच थांबायचा आणि मग दचकून हुंदका दिल्यासारखा परत सुरू व्हायचा. तपासणीत स्लीप अॅप्निया निघाला. आता तोंडावर मास्कचं यंत्र लावून झोपतो. दिसतो लढाऊ विमानाच्या पायलटसारखा, पण दिवसा पेंगणं थांबलं. तोवर तो त्याच डोळ्यांनी चाळीसगाव-धुळे गाडी चालवत होता, हे आठवलं की आता अंगावर काटा येतो.

धुळ्याची_काकू | १८ एप्रिल, दुपारी २:३०

सगळे खरं सांगताहेत तर मीही सांगते. इतकी वर्षं बाहेर बोलले नाही.

मला रात्री पडलं की पायात वळवळ होते. दुखत नाही, पण हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चाललं की थांबतं, पडलं की परत. आणि दुसरं म्हणजे मी झोपताना मिसरी लावते. लग्न झालं तेव्हापासून. उशीखाली डबी असते. बोटावर घेऊन दहा मिनिटं लावत बसायचं, मग चूळ भरून पडायचं. वाटायचं, त्यानेच झोप लागते. वय ५८.

फार्मसीवाली_शहादा | १८ एप्रिल, दुपारी ३:१०

काकू, मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन झोप आणत नाही, उडवतं. तुम्हाला बरं वाटतं कारण दिवसभराची तलफ भागते. पण तासा-दोन तासांत उतरलं की शरीर परत मागतं आणि झोप चाळवते. एकदम नाही जमलं तर आधी झोपतानाची बंद करा.

पायांच्या वळवळीचा संबंध बऱ्याचदा शरीरातल्या लोहाशी असतो. नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. चहा जेवणाबरोबर घेत असाल तर तो लोह शोषू देत नाही. जेवणानंतर तास-दीड तास थांबा.

धुळ्याची_काकू | १८ एप्रिल, दुपारी ३:२२

जेवणावर लगेच चहा हा तर आमच्या घरचा नेम आहे गं बाई.

रातपाळी_भुसावळ | १९ एप्रिल, सकाळी ९:१०

आत्ता ड्यूटीवरून आलो. आमच्यासारख्यांसाठी लिहितो, कारण आम्हाला "रात्री लवकर झोपा" सांगून उपयोग नाही. माझे तीन नियम. घरी येताना काळा गॉगल, म्हणजे सकाळचं ऊन डोळ्यांत जाऊन शरीराला दिवस उजाडल्याचा निरोप मिळत नाही. खोलीच्या खिडकीला केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे चिकटवले आहेत, भर दुपारी मिट्ट काळोख. आणि पाळीतला शेवटचा चहा रात्री दोनला, नंतर नाही. कँटीनची मिसळ पहाटे चारला खायचो तेव्हा घरी येऊन घशाशी यायचं. आता घरून पोळीभाजी, ती बाराला संपवतो.

बायकोने दारावर पाटी लावली आहे: "आत माणूस झोपला आहे, कामाचं असेल तरच बेल वाजवा." तरी आठवड्यातून एकदा कोणीतरी बेल वाजवून विचारतंच, खरंच झोपलेत का?

केळीवाला_यावल | २१ एप्रिल, पहाटे ३:०५

काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खापरावरचे मांडे, आमरस, वर तूप. दुपारी अडीचला पडलो ते साडेपाचला उठलो. आता बघा वेळ. ताई, वहीत खरं लिहिलं आहे.

विदर्भाच्या_शिवेवर | २१ एप्रिल, पहाटे ३:२०

मीही जागा आहे. तुमच्यासारखं कारण सापडत नाही म्हणून लिहिलं नव्हतं. कापूस अजून घरात पडून आहे, सोसायटीचं कर्ज, मुलीचं बारावी झालं. रात्री हिशोब सुरू होतो आणि दर वेळी त्याच आकड्यावर येऊन थांबतो. जेवण जात नाही. हल्ली कशातच मन नाही.

समुपदेशक_जळगाव | २१ एप्रिल, सकाळी ६:३०

भाऊ, तुम्हाला खाजगी निरोप केला आहे, कृपया बघा. झोप जाणं, जेवण न जाणं, कशातच मन नसणं हे सगळं एकत्र आणि दोन आठवड्यांहून जास्त असेल तर तो नुसता निद्रानाश नसतो. त्यावर चांगले उपचार आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रात्री तीनलाही लावा. जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येत असेल तर घरातल्या एका माणसाला आत्ता उठवून सांगा.

केळीवाला_यावल | २१ एप्रिल, सकाळी ६:५५

भाऊ, मी मुक्ताईनगरकडे नेहमी येतो. गाव कळवा, चहाला येतो. माझा कोरा.

विदर्भाच्या_शिवेवर | २१ एप्रिल, सकाळी ११:४०

निरोप वाचला. फोन लावला. या.

केळीवाला_यावल | २४ एप्रिल, रात्री ८:३०

वही झाली. सात रात्रींत मिळून झोप ३७ तास, म्हणजे रोजची सव्वापाच. अंथरुणावर मात्र रोज साडेनऊ तास. डॉक्टरांकडे जाऊन आलो, रिपोर्ट ठीक आहेत. बायको म्हणते घोरता, पण श्वास थांबत नाही. मी विचारल्यापासून ती रात्री कान देऊन बसते. आता तिची झोप गेली तर दोष कोणाचा?

समुपदेशक_जळगाव | २४ एप्रिल, रात्री ९:३०

साडेनऊ तास आडवं राहून सव्वापाच तास झोप, म्हणजे ५५ टक्के. हे ८५ च्या वर न्यायचं. झोप आपल्याला वाढवता येत नाही, अंथरुणावरचा वेळ कमी करता येतो. म्हणून उद्यापासून रात्री १२ ला अंथरुणावर आणि ५:३० ला बाहेर. रविवार असो, लग्न असो, उठायची वेळ तीच. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या पुढे गेली की झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणायची. साडेपाच तासांच्या खाली कधी जायचं नाही.

अंथरुण फक्त झोपेसाठी. मोबाईल, हिशोब, टीव्ही तिथे नाही. जाग आली आणि वीसेक मिनिटं गेलीत असं वाटलं (वाटलं, घड्याळ बघून नव्हे) की उठून ओसरीवर बसायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, डोळे जड झाले की परत. हा नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला आणि आजही या उपचाराचा कणा तोच आहे. तुमच्या शरीराला अंथरुण म्हणजे कूस बदलायची जागा असं शिकवलं गेलंय, ते पुसायचं आहे.

दुपारी गजर लावून २५ मिनिटं, तीनच्या आत. चहा तीन, शेवटचा दोन वाजता. ढाबा असेल तर आठच्या आत. सकाळी उठल्यावर अर्धा तास उजेडात, ते तुम्हाला शेतात आपोआप मिळेल.

पहिले दहा दिवस वाईट जातील, पेंग येईल. त्या दिवसांत ट्रॅक्टर आणि मोटारसायकल लांबवर नको. ज्यांना फिट येतात किंवा उन्मादाचा आजार आहे त्यांनी हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करू नये.

आयुर्वेदप्रेमी_पारोळा | २४ एप्रिल, रात्री १०:००

झोप येत नाही त्याला उशिरा झोपवायचं! उलटाच न्याय.

अमळनेरी_मास्तर | २४ एप्रिल, रात्री १०:०४

भूक लागत नसेल तर पंगतीत लवकर बसून भागतं का?

केळीवाला_यावल | २९ एप्रिल, रात्री १०:४०

पाचवा दिवस. बारा वाजेपर्यंत जागं राहणं हे बिबट्यापेक्षा अवघड निघालं. दहाला डोळे मिटायला लागतात. ओट्यावर बसून तुरीची डाळ निवडतो आहे. बायकोने तीन किलो पुढ्यात ठेवली, संधी सोडली नाही. चहा कमी केल्याने पहिले तीन दिवस कपाळ ठणकलं, आता नाही. पहाटे दोनला अजून जाग येते, पण उठून ओसरीवर आलो की पंधरा-वीस मिनिटांत परत पेंग.

फार्मसीवाली_शहादा | २९ एप्रिल, रात्री १०:५५

ते डोकं दुखणं कॅफिन सुटल्याचं. बहुतेकांचं दोन-चार दिवसांत जातं. दुसऱ्या कोणी करणार असाल तर रोज एक-एक कप कमी करा, दादांसारखं एकदम नऊवरून तीन नको.

केळीवाला_यावल | १२ मे, रात्री ९:२०

पहिला आठवडा ७९ टक्के. दुसरा ८८. आता पावणेबारा. घरात चर्चा अशी की, दादा आजारी आहेत, रात्री डाळ निवडत बसतात.

मेहरूणची_बोरं | १३ मे, सकाळी ७:००

आणि दूध-जायफळ?

केळीवाला_यावल | १३ मे, दुपारी १:००

दूध घेतो ताई. नऊला, जायफळ घालून, चिमूटच. बायको तळव्याला तूपही लावते. ते बंद करायला कोणी सांगितलेलं नाही आणि सांगितलं तरी करणार नाही.

रातपाळी_भुसावळ | २६ मे, दुपारी ४:१५

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू झाला. भुसावळात भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखं वाटतं. बंद खोलीत कूलर लावून झोपणाऱ्यांना एक सांगणं: समोरची खिडकी उघडी ठेवा. नाहीतर ओल कोंडते, घाम वाळत नाही आणि कूलर असून जीव घाबरा होतो.

अमळनेरी_मास्तर | २६ मे, रात्री ८:५०

झोपायच्या एक-दोन तास आधी कोमट-गरम पाण्याने अंघोळ केली तर झोप लवकर लागते, असं बऱ्याच अभ्यासांना एकत्र करून २०१९ मध्ये मांडलं गेलं. पाणी ४० ते ४२ अंश. कातडीकडे रक्त खेळतं, आतली उष्णता बाहेर पडते, आणि शरीर आतून थंड होत जाणं ही झोपेची पूर्वतयारी असते. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी संध्याकाळी सातला तेवढंच निघतं, तेही गॅस न जाळता. मी मग ओल्या अंगानेच धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बाज टाकतो. शहरात राहणाऱ्या पोराला हे सांगितलं तर म्हणतो, बाबा, आमच्या सोसायटीत गच्चीला कुलूप असतं.

रावेरी_गडी | २७ मे, सकाळी ६:१०

धाब्यावर झोपायचं तर मच्छरदाणी. नाहीतर ह्या सगळ्या शास्त्रावर एक डास भारी.

धुळ्याची_काकू | ११ जून, सकाळी १०:३०

माझा निरोप. फेरिटिन फारच कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा लांब ठेवला. दीड महिना झाला, वळवळ बरीच कमी आहे. मिसरी रात्रीची सुटली. सकाळची नाही सुटली, खोटं कशाला बोलू. डबी आता उशीखाली नसते, स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवली आहे. स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही, आणि गुडघ्यांमुळे मी स्टुलावर चढत नाही.

केळीवाला_यावल | १४ जून, रात्री ९:४५

मध्ये पुतण्याच्या लग्नात चार दिवस घसरलो. वरण-बट्टीच्या पंगती, रात्री दोनपर्यंत नाच, दुसऱ्या दिवशी दुपारभर झोप. परत दीड-दोनची जाग सुरू झाली. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, परत साडेअकरापासून सुरू करा, घाबरू नका. आता पावणेअकरा ते साडेपाच, त्यात झोप सहाच्या वर. रोज नाही. आठवड्यात एखादी रात्र अजून जाते. त्या रात्री डाळ.

विदर्भाच्या_शिवेवर | १५ जून, रात्री ८:००

दादा दोनदा येऊन गेले. मी जळगावला दाखवलं, औषध चालू आहे. कापूस विकला, भावाचं विचारू नका. संध्याकाळी सहाला वही घेऊन बसतो, जे काय हिशोब करायचे ते तेव्हा, साडेसहाला वही बंद. रात्री आकडे आले की म्हणतो, उद्या सहाला या. येतात तरी, पण बसत नाहीत.

मेहरूणची_बोरं | २२ ऑगस्ट, रात्री ८:४०

धागा वर काढते. उद्या आपली खान्देशची कानबाई देवी बसतेय, रात्रभर जागरण. केळीवाले दादा, तुमचं पावणेअकराचं काय करणार?

केळीवाला_यावल | २५ ऑगस्ट, सकाळी ६:०५

ताई, बसलो रात्रभर. आमच्या भाऊबंदांत यंदा कानबाई आमच्याकडे होती, यजमान झोपला तर चालेल का? ताईंनाही आधी विचारलं होतं. म्हणाल्या, बसा खुशाल, फक्त दुसऱ्या दिवशी भरपाई करू नका.

बायका गाणी म्हणत होत्या, पोरं फुगड्या घालून दमली आणि तिथेच सतरंजीवर आडवी झाली. मी चहाच्या पातेल्यापाशी होतो, वाढायला. पंचवीस-तीस माणसांना दिला, स्वतः नाही घेतला. मध्येच कोणीतरी वेळ विचारली म्हणून मोबाईल बघितला, तर २:५२. आधी ध्यानात नाही आलं, मग आठवलं की हा धागा काढला तेव्हाची वेळ हीच. बघितलं, सांगितलं, आणि पातेल्यात दूध ओतलं.

काल सकाळी वाजतगाजत विसर्जन, मग रोट आणि गंगाफळाची भाजी. दुपारी गजर लावून २५ मिनिटं. रात्री पावणेअकराला पडलो. आत्ता उठलो, अर्धा तास उशीर झाला, ते वहीत लिहिलं आहे.

धुळ्याची_काकू | २५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

डाळ संपली का हो तीन किलो?

केळीवाला_यावल | २५ ऑगस्ट, सकाळी ९:४१

केव्हाच. आता शेंगा फोडायला दिल्या आहेत.